अवधान

‘लक्ष देणे’, ‘कान देणे’, ‘मन देणे’ हे मराठीतील नेहमीचे शब्दप्रयोग आहेत. या तिन्हींत ‘देणे’ हे क्रियापद आले आहे, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. धान्य, वस्त्र, पैसा या जशा एकाने दुसऱ्यास द्यावयाच्या वस्तू, तशीच लक्ष हीही द्यावयाची वस्तू आहे, असे या भाषेने मानलेले दिसते. फरक एवढाच, की धान्य कणगीतून काढून देता येते आणि देऊन झाल्यावर देणारा आपल्या कामाला मोकळा होतो. लक्ष देणाऱ्यास मात्र तेवढा वेळ स्वतःलाच द्यावे लागते.

यालाच ‘अवधान’ असे म्हणतात. शब्द संस्कृतातून आला आहे. ‘धा’ या धातूचा अर्थ ठेवणे. मनाला इकडेतिकडे भटकू न देता एके ठिकाणी नीट ठेवणे, म्हणजे अवधान. लग्नात अंतरपाट दूर होण्यापूर्वी भटजी ‘सावधान’ म्हणतात आणि शाळेच्या पटांगणावर कवाईत घेणारे गुरुजीही ‘सावधान’ म्हणतात. दोन्हींचा अर्थ एकच, अवधानासह राहा. पटांगणावर टाचा जुळतात, हात ताठ होतात, नजर समोर लागते. त्या वेळी मन कोठे फिरत असते हे मात्र गुरुजींना दिसू शकत नाही.

ज्ञानेश्वरांनी १२९० साली ज्ञानेश्वरी पूर्ण केली. तिच्या नवव्या अध्यायाच्या आरंभीच त्यांनी श्रोत्यांकडे अवधानाची मागणी केली आहे. त्यांनी द्रव्य मागितले नाही, मान मागितला नाही. श्रोत्यांनी मन द्यावे एवढेच मागितले. श्रोत्याचे मन जागेवर नसेल तर उत्तम वक्त्याची वाणीही वाऱ्यावर जाते, हे त्या महाकवीला पुरते ठाऊक होते. कीर्तनकारांनाही ते ठाऊक असते. श्रोते पेंगू लागले, की निरूपण थांबवून ते मध्येच नामाचा गजर करवितात.

पण अवधानाची गरज कीर्तनात आणि वर्गातच असते असे नव्हे. एखादा मुलगा शाळेतून धावत घरी येतो. दारातूनच तो काही सांगू लागतो. वडील वर्तमानपत्रात अथवा मोबाइलमध्ये डोळे घालून बसलेले असतात. ते ‘हं, हं’ म्हणतात, पण मान वर करीत नाहीत. मुलगा दोन वाक्ये बोलतो, तिसरे अर्धवट सोडतो आणि आत निघून जातो. वडिलांनी त्याला रागे भरले नाही, की गप्प बस असेही म्हटले नाही. तरीही आपल्या सांगण्याला येथे काही किंमत नाही, एवढे त्या मुलाला कळून चुकते. हाच मुलगा संध्याकाळी आजी काही सांगू लागली, की स्वतः पडद्यावरची चित्रे पाहत ‘हं, हं’ म्हणतो. आजीही मग उरलेले बोलणे मनातच ठेवते.

न ऐकण्याचा आणखी एक प्रकार आहे. तो दिसावयास सभ्य असल्यामुळे चटकन ओळखू येत नाही. एखादी मुलगी मैत्रिणीला म्हणते, ‘‘काल आमची गाय आजारी पडली.’’ मैत्रीण लगेच म्हणते, ‘‘अगं, आमच्याकडे तर गेल्या वर्षी बैलच दगावला होता!’’ आणि पुढची दहा मिनिटे बैलाची कथा चालते. गाईचे काय झाले, हे सांगावयाचे राहूनच जाते. मैत्रिणीचे कान उघडे होते, तिने शब्दन्‌शब्द ऐकला होता. पण ऐकत असताना तिचे मन स्वतःच्या गोष्टीची जुळवाजुळव करीत होते. माणूस बोलतो त्याहून कितीतरी अधिक वेगाने त्याचे मन धावू शकते. त्यामुळे दुसऱ्याचे बोलणे ऐकताना मनाजवळ पुष्कळ वेळ शिल्लक उरतो. हा शिलकी वेळ कोठे खर्च करावयाचा, हाच खरा प्रश्न आहे. तो बोलणाऱ्याच्या बोलण्यातच पुन्हा गुंतवावा लागतो: हा असे का म्हणाला, याचा चेहरा उतरला कशाने, याला काही सांगावयाचे असून सांगता येत नाही काय? ‘कानांत प्राण आणून ऐकणे’ हा वाक्प्रचार अशा ऐकण्यासाठीच आहे.

‘अष्टावधानी’ हा शब्द कौतुकाने वापरला जातो. एकाच वेळी आठ गोष्टींकडे लक्ष पुरविणारे विद्वान आपल्या देशात होऊन गेले आणि आंध्र व कर्नाटक या प्रांतांत ती कला आजही जिवंत आहे. पण ती वर्षानुवर्षे केलेली साधना आहे. पुढ्यात पुस्तक, कानांत गाणे आणि समोर बोलणारा भाऊ अशा तिन्हींना एकदम सांभाळू पाहणारा विद्यार्थी अष्टावधानी नव्हे; त्याचे एकही अवधान पुरे नसते.

अवधानाचे मोल ज्याच्यापर्यंत पोहोचण्याच्या बहुतेक वाटा बंद झालेल्या आहेत, अशा माणसाच्या बाबतीत विशेष स्पष्टपणे दिसून येते. त्या दृष्टीने हेलन केलर आणि तिच्या शिक्षिका ॲन सलिव्हन यांची हकिकत पाहण्यासारखी आहे.

अमेरिकेतील अलाबामा राज्यात टस्कंबिया नावाचे एक लहान गाव आहे. तेथे २७ जून १८८० रोजी हेलनचा जन्म झाला. एकोणीस महिन्यांची असताना ती एकाएकी आजारी पडली. आजार ओसरला, परंतु जाताना तो तिची दृष्टी आणि श्रवणशक्ती दोन्ही घेऊन गेला. ज्या बालकाला ऐकू येत नाही ते आपोआप बोलावयास शिकत नाही. तिला येऊ लागलेले थोडे शब्दही विरून गेले. इंग्रजीत पाण्याला ‘वॉटर’ म्हणतात. त्या शब्दाचा ‘वा-वा’ एवढाच काय तो अवशेष तिच्या तोंडी राहिला.

तरीही सांगण्याची तळमळ तिच्यात होतीच. तिने स्वतःच्या खुणा तयार केल्या. ओढले म्हणजे ‘ये’, ढकलले म्हणजे ‘जा’. पाव हवा असेल तर पाव कापून त्यावर लोणी लावल्यासारखे ती हात करी. बर्फाचे गोड खाद्य हवे असेल तर ते बनविण्याचे यंत्र फिरविल्याचा अभिनय करून ती थंडीने कुडकुडल्यासारखे दाखवी. आईला यांतील पुष्कळ खुणा कळत. घरातील स्वयंपाकिणीची मुलगी मार्था हीही त्या ओळखी. गिनी कोंबड्या गवतात लपवून अंडी घालीत. ती शोधावयास जावयाचे असले, की हेलन दोन्ही मुठी मिटून जमिनीवर ठेवी. गवतातील गोल वस्तू, असा त्याचा अर्थ. मार्था तो नेमका समजे. एका लहान मुलीने दुसरीच्या हातांकडे इतके लक्ष दिले होते, ही गोष्ट थोर माणसांच्या चरित्रांत सहसा नोंदली जात नाही. हेलनने आपल्या आत्मचरित्रात ती आवर्जून नोंदली आहे.

पण अशा खुणा किती पुरणार? इतर माणसे हात न हलविता ओठ हलवितात, हे हेलनला स्पर्शाने कळले होते. दोन माणसे बोलत असली, की ती मध्ये उभी राहून त्यांच्या ओठांना हात लावी. मग स्वतःचे ओठ हलवून पाही. त्याने काहीच घडत नसे. तेव्हा ती संतापाने लाथा झाडी आणि दमून जाईपर्यंत किंचाळे. घरच्यांना तिची फार कीव येई, म्हणून ते तिला काहीही करू देत. जेवताना ती टेबलाभोवती फिरून कोणाच्याही ताटातील वस्तू हाताने उचले आणि बाकीची मंडळी तिकडे कानाडोळा करून आपापसांत बोलत राहात. त्यांचे हेलनवर प्रेम नव्हते, असे म्हणता येणार नाही. परंतु कीव करणे निराळे आणि लक्ष देणे निराळे. कीव करणारा माणूस तोंड फिरवून घेऊ शकतो.

टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या सल्ल्यावरून हेलनच्या वडिलांनी बॉस्टन येथील पर्किन्स अंधशाळेस पत्र लिहिले. शाळेने ॲन सलिव्हन या तरुणीची निवड केली. ३ मार्च १८८७ रोजी ती टस्कंबियास पोहोचली, तेव्हा तिला एकविसावे वर्ष चालू होते.

ॲनचे बालपण दारिद्र्यात गेले होते. डोळ्यांच्या रोगाने तिची दृष्टी लहानपणीच मंदावली. आई वारली आणि वडिलांनी पाठ फिरविली. तेव्हा १८७६ साली धाकट्या भावासह तिला ट्यूक्सबरी येथील अनाथ-अपंगांच्या सरकारी आश्रयगृहात जावे लागले. काही महिन्यांतच तो भाऊही तेथे मरण पावला. १८८० साली तपासणीसाठी काही मोठी माणसे तेथे आली. ती एका दालनातून दुसऱ्या दालनात जात असता ही मुलगी त्यांच्या मागे मागे गेली आणि निघण्याच्या वेळी ‘‘मला शाळेत जावयाचे आहे!’’ असे मोठ्याने म्हणाली. त्या गर्दीत आणि घाईत तिचे म्हणणे कोणीतरी ऐकून घेतले, म्हणून ती पर्किन्स शाळेत जाऊ शकली. त्या वेळी चौदा वर्षांच्या ॲनला स्वतःचे नावही लिहिता येत नव्हते. सहा वर्षांनी, १८८६ साली, ती आपल्या वर्गात पहिली आली. मधल्या काळात शस्त्रक्रिया होऊन तिला बरेच दिसू लागले होते. त्याच शाळेत लॉरा ब्रिजमन नावाची अंध व बधिर स्त्री राहात असे. तिच्याशी बोलता यावे म्हणून ॲनने बोटांची मुळाक्षरे शिकून घेतली. या लिपीत प्रत्येक अक्षरासाठी बोटांची एक ठरावीक रचना असते. ती दुसऱ्याच्या तळहातात केली, की स्पर्शाने वाचता येते.

टस्कंबियास येताना सलिव्हनबाईंनी एक बाहुली आणली होती. ती शाळेतील अंध मुलींनी पाठविली होती आणि तिचे कपडे लॉराने शिवले होते. हेलन बाहुलीशी खेळू लागताच बाईंनी तिच्या तळहातात ‘बाहुली’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाची अक्षरे काढली. हेलनला हा बोटांचा खेळ आवडला. तिने तो तसाच करून दाखविला. पण ते माकडाच्या नकलेसारखे होते. वस्तूला नाव असते, हे तिला अजून कळले नव्हते.

जेवणाच्या टेबलावर तर युद्धच झाले. बाईंनी आपल्या ताटाला हात लावू दिला नाही, तेव्हा हेलनने जमिनीवर अंग टाकले. बाईंनी खोलीचे दार लावून घेतले. हेलनने खुर्चीवर बसून चमच्याने खाईपर्यंत ते उघडले नाही. पुढे घरच्यांच्या लाडांपासून दूर राहता यावे म्हणून दोघी बागेतील छोट्या घरात सुमारे दोन आठवडे राहिल्या. हे वागणे कठोर वाटेल. परंतु या मुलीला समजू शकते, असा पक्का विश्वास असल्याखेरीज कोणी इतका झगडा मांडीत नाही. बाकी सर्वांनी तिच्याकडून अपेक्षा करावयाचेच सोडून दिले होते.

५ एप्रिल १८८७ रोजी सकाळी पेला आणि पाणी या दोन शब्दांचा हेलनच्या मनात गोंधळ चालला होता. चिडून तिने एक बाहुली आपटून फोडली. बाईंनी तिला बाहेर विहिरीकडे नेले. तेथे कोणीतरी पंपाने पाणी काढीत होते. हेलनचा एक हात त्या गार धारेखाली धरून बाईंनी दुसऱ्या हातात ‘वॉटर’ ही अक्षरे काढली. प्रथम सावकाश, मग भराभर. हेलन एकदम स्तब्ध झाली. तिचे सारे लक्ष त्या बोटांच्या हालचालीकडे लागले. हातावरून वाहणारे हे गार काहीतरी आणि तळहातातील ही अक्षरे यांचा संबंध आहे, हे तिला त्या क्षणी उमगले. लगेच तिने जमिनीला हात लावून तिचे नाव विचारले. पंपाचे विचारले. मग बाईंकडे वळून त्यांचे नाव विचारले. बाईंनी ‘टीचर’, म्हणजे शिक्षिका, अशी अक्षरे काढली. पुढे आयुष्यभर हेलन त्यांना याच नावाने हाक मारीत राहिली. त्या एका दिवसात ती पुष्कळ शब्द शिकली. घरात शिरताच तिला फोडलेली बाहुली आठवली. तिने चाचपडत तुकडे गोळा केले आणि ते जुळविण्याचा निष्फळ प्रयत्न केला. तिला रडू आले.

पंपाची ही गोष्ट जगभर सांगितली जाते. तिच्यानंतर चारपाच दिवसांनी बाईंनी लिहिलेल्या एका पत्राची आठवण फारशी कोणाला नसते. पण त्यात शिक्षकाच्या अवधानाचा खरा नमुना आहे. ठरावीक वेळी टेबलाशी बसवून शब्द शिकविण्याची पद्धत बाईंनी तोवर चालविली होती. अशा वेळी हेलन कंटाळे. दरम्यान बाईंनी हेलनच्या पंधरा महिन्यांच्या एका लहान आतेमामे भावंडाचे निरीक्षण केले. ते बालक अद्याप बोलत नव्हते. पण नाक कोठे आहे, कान कोठे आहे असे विचारले, की बरोबर बोट लावून दाखवी. त्याला कोणी धडे दिले नव्हते. घरातील माणसे त्याच्याशी पूर्ण वाक्यांत बोलत होती आणि बोलता येण्याच्या कितीतरी आधी त्याला समजू लागले होते. बाईंनी ठरविले, की बालकाच्या कानाशी आपण जसे बोलतो, तसेच हेलनच्या हातात बोलावयाचे. तिने लगेच उत्तर द्यावे अशी घाई करावयाची नाही. वेळापत्रक बाजूला ठेवून त्या हेलन ज्या वस्तूंकडे वळे, त्यांविषयी पूर्ण वाक्यांत बोलू लागल्या. कोंबडीची पिले, फुले, ओढ्याचा चिखल, जे हाताला लागेल तोच त्या दिवसाचा पाठ. हेलन कोठे पाहते आहे, असे म्हणता येत नाही. पण तिचे मन कोठे आहे हे बाईंना तिच्या बोटांवरून कळत असे, आणि शिकवणे त्या मनाच्या मागून जात असे.

१९०० साली हेलनने रॅडक्लिफ महाविद्यालयात प्रवेश घेतला. वर्गात प्राध्यापक बोलत आणि शेजारी बसलेल्या सलिव्हनबाई ते सारे व्याख्यान अक्षरे काढून हेलनच्या तळहातात उतरवीत. व्याख्यान थांबत नसे, म्हणून बोटांनाही थांबता येत नसे. हेलनला टिपणे घेण्याची सोय नव्हती, कारण ऐकण्याचे काम हातच करीत होते. घरी गेल्यावर जेवढे आठवे तेवढे ती लिहून काढी. जी पुस्तके अंधांच्या ब्रेल लिपीत नव्हती ती बाई वाचून तिच्या हातात उतरवीत. त्यांचे स्वतःचे डोळे दुबळेच होते. या वाचनाने ते आणखी थकले. चार वर्षांनी, १९०४ साली, हेलन पदवीधर झाली. पदवीपत्रावर तिचे एकटीचे नाव होते आणि नियमाप्रमाणे ते योग्यच होते. परंतु त्या चार वर्षांतील प्रत्येक व्याख्यान दोघींनी ऐकले होते, आणि एकीने तर ते केवळ दुसरीसाठी ऐकले होते.

अशा शिष्येला ऐकण्याचे मोल कोणी वेगळे सांगावयास नको होते. मोठेपणी हेलन केलर यांनी लोकांचे बोलणे समजून घेण्याची एक रीत साधली होती. त्या आपला हात बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर ठेवीत. अंगठा गळ्यावर, तर्जनी ओठांवर आणि मधले बोट नाकाच्या बाजूला. गळ्याचा कंप, ओठांची हालचाल आणि नाकातील नाद या तिन्हींवरून त्या शब्द ओळखीत. हे अत्यंत कष्टाचे काम होते. थोडे चित्त ढळले, की सारे वाक्य हातून निसटे.

२० ऑक्टोबर १९३६ रोजी सलिव्हनबाईंचे निधन झाले. त्यांचे काम पुढे हेलन यांच्या मदतनीस पॉली टॉमसन यांनी चालविले. त्यांना बरोबर घेऊन हेलन केलर देशोदेशी हिंडल्या आणि अंध व बधिर मुलांच्या शिक्षणासाठी बोलत राहिल्या. १९५५ साली त्या भारतातही आल्या. त्या वेळी त्या पंच्याहत्तरीला टेकल्या होत्या. पंडित नेहरूंची आणि त्यांची भेट झाली. जेथे जात तेथे एका हातात टॉमसनबाईंची बोटे अक्षरे काढीत असत, अथवा हेलन यांचा हात समोरच्या माणसाच्या मुखावर असे. आणि त्याचे बोलणे पुरे होईपर्यंत तो तेथून हलत नसे.